निरंक

माझ्या वडिलांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द कोणता असेल, तर तो ‘निरंक’.

अण्णा जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात होते. गावोगाव त्यांना नावानं ओळखणारी माणसं थोडी. ‘देवीडॉक्टर’ म्हटलं की पोरंसोरंसुद्धा घर दाखवायची. ते डॉक्टर नव्हते. मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेले, लस टोचणारे कर्मचारी होते. एक सायकल, कॅरियरला सुतळीनं बांधलेली लसीची पेटी, आणि पिशवीत जाड पुठ्ठ्यावरचं एक चित्र: अंगभर देवी आलेलं मूल. ते चित्र घेऊन अण्णा आठवडी बाजारात, शाळेत, ऊसतोड्यांच्या कोप्यांवर जायचे आणि विचारायचे, “असं लेकरू कुठं बघितलंय का?” शनिवारी रात्री कंदील जवळ ओढून ते आठवड्याचा अहवाल लिहीत. गाव, तपासलेली घरं, टोचलेली माणसं. शेवटचा रकाना देवीच्या रोग्यांचा, आणि तिथं त्यांच्या वळणदार अक्षरात: निरंक.

नुसतं शून्य का काढत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. शून्यामागे नंतर कुणी एक काढला तर त्याचे दहा होतात, अण्णा म्हणाले. अक्षराला तसा हात लावता येत नाही. मग लेखणी पुसता पुसता म्हणाले, “आणि निरंक लिहायला आधी सगळी घरं फिरावी लागतात. न फिरता लिहिलं तर ते निरंक नव्हे बाळा, ते कोरं.”

अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात नगर-बीडच्या सीमेवरचं आमचं घर रिकामं करताना त्यांची पत्र्याची पेटी सापडली. आत अहवालांच्या स्थळप्रती असलेल्या नोंदवह्या, आणि एका जुन्या डबीत दोन दातांची, बोटभर लांबीची सुई. त्याच दिवसांत बातम्यांमध्ये हवामान परिषदेचं गुऱ्हाळ चालू होतं. ‘निव्वळ शून्य’, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडायचा तेवढाच परत काढून घ्यायचा. अमुक देशाचं ते २०५० ला, तमुक देशाचं २०६० ला, आपलं २०७० ला. मी एकतीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे शब्द मला नवे नाहीत. पण मांडीवर अण्णांची वही आणि समोर ते आकडे, असं प्रथमच घडत होतं. यातलं निरंक किती आणि कोरं किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

चावडीच्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं: ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा.’ अण्णांचा महिन्याचा पगार त्याच्या निम्माही नव्हता. आम्ही पोरं बाजारच्या दिवशी माणसांची तोंडं न्याहाळत फिरायचो. एकदा मडकी विकायला आलेल्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर वण दिसले आणि मी धावत घरी आलो. ते जुने वण आहेत, त्याला देवी येऊन चाळीस वर्षं झाली असतील, हे अण्णांनी शांतपणे समजावलं. बक्षीस हुकल्याचं माझं तोंड पाहून म्हणाले, “हे पैसे रोगासाठी नाहीत. सांगण्यासाठी आहेत. लपवणाऱ्याला काही होत नाही, सांगणाऱ्याला मात्र सगळे धरतात. म्हणून सरकार सांगणाऱ्याला पैसे देतंय.”

या वाक्यामागे केवढा इतिहास होता ते मला फार उशिरा कळलं.

१९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवीविरुद्धची मोहीम नव्यानं, जोरात सुरू केली, तेव्हा ३१ देशांत देवीचं ठाणं होतं आणि वर्षाला एक ते दीड कोटी माणसांना ती होत होती. आपल्याकडं त्याआधीपासूनच सगळ्यांना सरसकट टोचण्याचा कार्यक्रम चालू होता. कागदावर टोचलेल्यांची टक्केवारी उत्तम होती. रोगी मात्र संपत नव्हते, कारण टक्केवारीत बसलेली माणसं बहुधा सहज सापडणारी होती: शाळेतली मुलं, बाजाराच्या गावची कुटुंबं. वस्तीच्या कडेचे, पोटासाठी फिरणारे राहून जात, आणि देवी नेमकी तिथंच टिकून राहायची.

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. ज्याच्या हद्दीत रोगी वाढले त्याला जाब विचारला जाई. मग खालचा माणूस वरच्याला कमी आकडा देई, वरचा त्याच्या वरच्याला आणखी कमी. १९७३ च्या ऑक्टोबरात उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिल्यांदाच ठरवून गावोगाव, घरोघर शोधायला पाठवलं. तोवरच्या आठवडी अहवालांत शेकड्यांनी रोगी दिसत होते. शोधात दहा हजारांच्या आसपास सापडले. कागदावर निरंक असलेल्या गावांत मुलं मरत होती.

त्या वेळच्या बिहारमधली एक हकीकत मोहिमेतले अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी सांगत. सरसकट टोचत बसण्यापेक्षा रोगी शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचून रोगाची वाट बंद करायची, ही पद्धत त्यांनीच १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात, लस अपुरी पडली म्हणून, वापरून पाहिली होती. बिहारमध्ये १९७४ च्या उन्हाळ्यात रोग्यांचा आकडा इतका चढला की राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी बैठकीत ही पद्धत बंद करून पुन्हा सगळ्यांना टोचायला सांगितलं. तेव्हा मागं बसलेला एक तरुण भारतीय डॉक्टर उभा राहिला. आमच्या खेड्यात एका घराला आग लागली तर पाणी त्याच घरावर ओततात, सगळ्या गावावर नाही, अशा अर्थाचं तो बोलला. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. त्या वर्षी देशात १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले. चढता आकडा म्हणजे अपयश अशी ज्यांची समजूत होती त्यांना मोहीम बुडालेली दिसत होती. प्रत्यक्षात लपलेली देवी उजेडात येत होती. पुढच्याच वर्षी ‘ऑपरेशन स्मॉलपॉक्स झिरो’ आलं. कळवणाऱ्याचं बक्षीस पन्नासावरून शंभरावर आणि अखेर हजारावर गेलं. रोगी जितके कमी, तितकी सांगण्याची किंमत जास्त. १९७५ च्या मे महिन्यात आसामातल्या करीमगंजला बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीत देवी सापडली आणि भारतातली ती शेवटची ठरली.

आता हवामानाकडं येतो. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देशानं आपलं उद्दिष्ट आपणच ठरवायचं आणि आपला अहवाल आपणच लिहायचा, असं ठरलं. याहून जास्त त्या खोलीत शक्य नव्हतं, हे मला मान्य आहे. पण तालुक्याच्या अधिकाऱ्यानं आपल्या तालुक्यातली देवी मोजावी, आणि आकडा चढला तर त्याचीच मान खाली जावी, अशी ही रचना आहे. तिथं माणूस काय करेल ते १९७३ च्या बिहारनं दाखवून दिलेलं आहे. तुर्कमेनिस्तानातल्या वायुक्षेत्रांतून उष्णता धरणाऱ्या मिथेनचे प्रचंड लोट सुटत होते, ते जगाला उपग्रहांनी दाखवले. ते कुणाच्याही भाषणात नव्हते.

लपवण्याची ही खोड गरीब देशांची किंवा खालच्या नोकरांची म्हणावी, तर तसंही नाही. आणि या गोष्टीत आपली मुंबई आहे.

एकोणिसाव्या शतकात पटकी, म्हणजे कॉलरा, हिंदुस्थानातून निघून जगभर फिरली. आपल्याकडं गाडा ओढून मरीआईला वेशीबाहेर पोचवत. युरोपातल्या राज्यांनी १८५१ साली पॅरिसला परिषद भरवली. बारा देश, प्रत्येकाचा एक वैद्य आणि एक मुत्सद्दी. रोगावर देशोदेशींनी एकत्र बसून बोलण्याचा तो पहिला प्रसंग. सहा महिने बोलणं चाललं आणि हाती काही आलं नाही. मग दुसरी परिषद, तिसरी परिषद. १८६६ ला कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं पटकी हिंदुस्थानातून येते असा निर्वाळा दिला. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला आणि मुंबईहून निघालेलं जहाज युरोपच्या दारात पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर पोचू लागलं. जहाजं अडवून ठेवली तर व्यापार बुडतो, म्हणून ब्रिटिश सरकारचा विलगीकरणाला विरोध. हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त कनिंगहॅम तर वर्षानुवर्षं अहवालांतून लिहीत राहिले की पटकी माणसाकडून माणसाकडं जातच नाही, सगळा हवेचा आणि स्थळाचा गुण आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला, तरी पुढच्या वर्षी रोमच्या परिषदेत ब्रिटिश प्रतिनिधी तो विषय निघू देईनात. पहिला करार झाला १८९२ ला, व्हेनिसमध्ये, सातव्या परिषदेत. एक्केचाळीस वर्षं लागली. या एक्केचाळीस वर्षांत पंढरीच्या वाटेवर आणि हाजच्या जहाजांवर किती माणसं गेली, त्यांना त्या खोलीत खुर्ची नव्हती.

हवामानाचा मूळ करार १९९२ चा, रिओचा. १९९२ मध्ये ४१ मिळवले की २०३३ येतं. ही बेरीज मी वर्गात फळ्यावर केली होती एकदा. मुलं हसली नाहीत.

व्हेनिसच्या त्या करारानंतर चारच वर्षांनी मुंबईत मांडवीला माणसं तापानं आणि जांघेतल्या गाठींनी मरू लागली. १८९६ च्या सप्टेंबरात ही गाठीची प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं ते डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस यांनी. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मांडवीला दवाखाना चालवणारे. असं सांगणं म्हणजे मुंबईच्या बंदराला कुलूप लावण्यासारखं होतं, आणि तेव्हा ते कुणालाच ऐकायचं नव्हतं. धोबीतलावाला मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. मुंबईला गेलो की मी तिथं थोडा वेळ थांबतो. त्यांनी रोग शोधला म्हणून जेवढा थांबतो, तेवढाच त्यांनी तो सांगितला म्हणून.

प्लेगची पुढची बाजू पुण्याची, आणि ती महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. घरात घुसलेले गोरे सोजीर, रस्त्यावर फेकलेलं सामान, बायकांची तपासणी, आणि २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या. ज्यांच्या घराची झडती होते ते रोगी लपवतात; पुण्यात लपवलेही. त्याच साथीत सावित्रीबाई फुल्यांनी प्लेग झालेलं मूल पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि १० मार्च १८९७ ला त्या स्वतः गेल्या. एकाच शहरात, एकाच रोगासाठी, एकाच महिन्यांत लोकांच्या दारात जाण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. देवीच्या मोहिमेतही काही ठिकाणी दारं फोडून, धरून टोचलं गेलं. अण्णा त्याबद्दल बोलणं टाळत. एकदाच म्हणाले होते, की एका म्हातारीनं देवीला राग येईल म्हणून नातवाला कणगीत लपवलं होतं, आणि ते तिच्या दारात तीन शनिवार नुसते बसले, चौथ्या शनिवारी तिनंच नातू बाहेर आणला. रानातल्या माणसाला जंगल तोडू नको म्हणून दंडुका दाखवणाऱ्या खात्यांविषयी वाचताना मला ते तीन शनिवार आठवतात.

सांगणाऱ्याला शिक्षा होणं अजूनही थांबलेलं नाही. १९९४ ला सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा कितीतरी देशांनी विमानं बंद केली, आपला माल नाकारला. २०२१ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन ओळखून तातडीनं जगाला सांगितलं, आणि काही तासांत त्यांच्या देशाच्या तोंडावर विमानतळांची दारं आपटली गेली. चावडीच्या भिंतीवरची ओळ जगाला अजून वाचता आलेली नाही, असं तेव्हा वाटलं आणि फार वाईट वाटलं.

पण एकदा ती जवळजवळ वाचली गेली होती. देवीच्या गोष्टीत मला सर्वांत जास्त बळ देणारा भाग हाच आहे. जगभरातून देवी काढून टाकू, हा ठराव १९५८ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या मिनीयापोलिसच्या सभेत मांडला सोव्हिएत युनियनच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी. अमेरिकेच्या भूमीवर, शीतयुद्धाच्या ऐन भरात. लसीचा शोध लावणाऱ्या जेनरला थॉमस जेफर्सननं लिहिलेलं पत्र त्यांनी भाषणात वाचून दाखवलं. सोव्हिएत युनियननं पुढं १४० कोटींहून जास्त मात्रा दिल्या, त्यातल्या कितीतरी भारतात आल्या. मोहिमेचे प्रमुख डोनाल्ड हेंडरसन अमेरिकी. एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेल्या दोन देशांतली माणसं एकाच नकाशावर टाचण्या लावत होती. डबीत सापडलेली दोन दातांची सुई अमेरिकेतल्या वायेथ कंपनीत जन्मली. दोन दातांमध्ये लसीचा थेंब धरायचा, दंडावर पंधरा वेळा टोचायचं, पूर्वीच्या पाव लसीत काम होतं. कंपनीनं तिच्यावर रॉयल्टी घेतली नाही. अण्णांनी ती सुई का जपली असेल, ते मला आता थोडं उमगतं.

आणि हे सगळं एका धाग्यावर लोंबत होतं, हेही सांगायला हवं. १९६६ ला संघटनेच्या सभेत मोहिमेच्या जादा खर्चाला मंजुरी मिळाली ती फक्त दोन मतांनी. विरोध करणारे दुष्ट नव्हते. ते हिवतापानं पोळलेले होते.

हिवतापाची आठवण मला दारावरच्या शिक्क्याची आहे. फवारणी करून गेले की दाराच्या चौकटीशेजारी तारखांचा तक्ता उमटलेला असायचा, आणि घरभर डीडीटीचा तो उग्र वास. भिंतींवर पांढरट पापुद्रा. १९५३ ला आपल्याकडं हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई असा अंदाज होता. १९६५ च्या सुमाराला आकडा लाखावर आला. केवढं मोठं यश! पण यश दिसलं तसा हात सैल झाला. पैसा दुसरीकडं वळला, फवारणी चुकू लागली, आणि डासांना डीडीटी पचू लागलं, कारण तेच रसायन शेतांतही पोत्यांनी ओतलं जात होतं. १९७६ ला देशात ६४ लाख रोगी नोंदले गेले. जागतिक पातळीवर तर निर्मूलनाचं ध्येय १९६९ लाच सोडून द्यावं लागलं होतं. एकच रसायन, एकच पद्धत, सगळ्या जगाला एकच वेळापत्रक, आणि आकडा उतरल्याबरोबर उसासा. नुसती झाडं लावून किंवा नुसती एखादी नवी यंत्रणा बसवून हवामानाचा प्रश्न सुटेल असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं की माझ्या नाकात तो वास भरतो. ज्या डीडीटीनं माणसं वाचवली तेच पुढं अन्नसाखळीत शिरलं आणि टिकाऊ, घातक रसायनांवरच्या २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, हेही याच गोष्टीत आहे. आपल्या रसायनीलाही डीडीटीचा कारखाना होता.

पर्यावरणाच्या बाजूनं देवीच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, ती ओझोनची. १९७४ ला मोलिना आणि रोलंड यांनी फ्रिजमधल्या क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) वायूंमुळे ओझोन नासतो असं मांडलं, १९८५ ला अंटार्क्टिकावरचं छिद्र दिसलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. हा धडा शिकवताना मी नेहमी रमायचो. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या हजारो रेणूंना कसा मोडतो, ते समीकरण सुंदर आहे, परिणाम भयंकर असला तरी. पण करार का टिकला, हे त्या समीकरणात नाही. भारत आणि चीन सुरुवातीला बाहेर होते. ज्यांनी फ्रिज वापरून हे छिद्र पाडलं त्यांनी पर्यायाचा खर्च उचलावा, अशी आपली मागणी होती. १९९० ला लंडनला मनेका गांधी ती लावून धरत होत्या. तिथं स्वतंत्र निधी ठरला, विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होतीच, आणि १९९२ ला भारत करारात आला. पुढं जगातला झाडून एकेक देश सही करून बसला.

तरीही २०१८ ला वातावरणातल्या मोजमापांनी सांगितलं की सीएफसी-११ हवं तितकं घटत नाही. त्याचं उत्पादन जगभर २०१० पासून बंद होतं, म्हणजे सगळ्यांचे अहवाल निरंक होते. मग जपानच्या आणि दक्षिण कोरियाच्या बेटांवरच्या केंद्रांनी वाऱ्याच्या दिशा ताडून माग काढला. पूर्व चीनमधले शांडोंग आणि हेबेई प्रांत. इन्सुलेशनचा फोम करण्यासाठी कुणीतरी चोरून वापरत होतं. नाव उघड झालं, कारवाई झाली, आणि दोनेक वर्षांत हवेतला आकडा पुन्हा उतरला. माग लागल्याची बातमी मी वाचली तेव्हा अण्णा होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऐकायला कमी येत असे, पण हे नीट ऐकलं. म्हणाले, “म्हणजे घरं फिरले.”

मात्र कार्बनचा प्रश्न देवीसारखा नाही, हे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागलं आहे. ओझोनला पर्यायी रसायन मिळालं, देवीला लस होती. कार्बन नारूसारखा आहे.

नव्या पिढीला नारू ठाऊक नाही, आणि ते फार चांगलं आहे. आमच्या गावात चिंचेखाली एक बारव होती, खालपर्यंत पायऱ्या उतरणारी. शेजारच्या काकूंच्या घोट्यापाशी फोड आला आणि त्यातून दोऱ्यासारखी अळी दिसू लागली. ती हातभराहून लांब असते. ओढली तर तुटते, म्हणून काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटं बाहेर काढायची. पायात विस्तव ठेवल्यासारखी आग. काकू बारवेत उतरायच्या आणि पाण्यात पाय सोडून बसायच्या. जरा निवायचं. आणि नेमकी त्याच वेळी मादी पाण्यात हजारो पिल्लं सोडायची. ती सायक्लॉप्स नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात जात, पाणी पिणाऱ्याच्या पोटात तो किडा जाई, आणि वर्षभरानं आणखी कुणाच्या तरी पायातून दोरा निघे. काकूंना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. त्यांचा पाय जळत होता.

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या फ्लॅटमध्ये मी एसी लावतो. वय झालंय, ४२ अंश सोसत नाही. त्याची गरम हवा खाली गल्लीत, जिथं आमचा रखवालदार पंख्याविना बसतो, तिथं जाते. वीज कोळशाची. आतला वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो, कधी हजारो पटींनी उष्णता धरतो. म्हणून २०१६ ला किगालीत त्याच्याही कपातीचा करार करावा लागला, आणि आपल्याला त्याचा वापर २०२८ ला गोठवायचा आहे. मला निवतं आणि पाणी नासतं. ज्याच्या पायातून दोरा निघेल तो कदाचित अजून जन्मलेला नाही.

नारूला लस नव्हती, औषध नव्हतं. आजही नाही. तरी १९८६ ला जगात वर्षाला ३५ लाख रोगी होते, ते २०२३ ला फक्त १४ उरले. भारतात १९८४ ला चाळीस हजारांच्या आसपास होते. शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली देश मुक्त जाहीर झाला. कसं झालं? पाणी फडक्यानं गाळून प्या. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या करा. गावात हापसा बसवा. पाण्यात औषध टाका. आणि ज्याचा पाय जळतोय त्याला विहिरीत उतरू देऊ नका. अण्णा तोवर बहुउद्देशीय कर्मचारी झाले होते, चावडीच्या भिंतीवर देवीच्या जागी नारू आला होता. त्यांनी काकूंना एकदाही रागावलेलं मला आठवत नाही. रोज सकाळी कामाला जाताना ते बारवेतून एक बादली शेंदून काकूंच्या ओट्यावर ठेवत. पाय यात बुडवा म्हणत, आणि संध्याकाळी ते पाणी लांब रानात ओतून येत.

सुदानमध्ये १९९५ ला यादवी चालू होती. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर तिथं गेले आणि नारूच्या कामासाठी त्यांनी दोन्ही बाजूंना बंदुका खाली ठेवायला लावल्या; युद्धविराम जवळजवळ सहा महिने टिकला. गाळण्याची फडकी वाटायला लढाई थांबली, हे मला अजून खरं वाटत नाही इतकं आवडतं. कार्टर २०२४ च्या डिसेंबरात गेले, तेव्हा नारू अजून थोडा शिल्लक होता. चाडमध्ये तो कुत्र्यांत शिरलाय.

आमच्या बारवेच्या पायऱ्या त्या मोहिमेत बुजवल्या. ते योग्यच होतं. पण मग लोकांचं जाणं तुटलं, गाळ साचला, कचरा पडला, आणि दगडात कोरलेले देवकोष्ठ त्याखाली गेले. घर रिकामं करायला गेलो तेव्हा काही तरुण पोरं ती उपसत होती. मी त्यांना काकूंची गोष्ट सांगितली. एकानं विचारलं, मग आम्ही उपसू नको का? उपसा म्हणालो, पण पायऱ्यांवरून पाण्यात कुणी पाय सोडू देऊ नका. तेवढं बोलून मी गप्प झालो, कारण मला आणखी काय सांगायचं होतं ते त्या वेळी सुचलं नाही.

परत येऊन वह्या चाळत बसलो. पानामागून पान निरंक. १९७६ च्या फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात मात्र तो शब्द लिहून खोडलेला आहे. पुढं: ‘संशयित १. मुलगी, वय अंदाजे ४. ऊसतोड कामगारांची कोपी. तार केली.’ तेव्हा देश देवीमुक्त होण्याच्या दारात होता, दोन वर्षं एकही रोगी न सापडण्याची वाट पाहात होता. जिल्ह्याहून पथक आलं. पोरीला कांजिण्या निघाल्या. आणि अण्णांना वरून लेखी खुलासा मागवला गेला, की खातरजमा न करता तार करून तालुक्याचं नाव का खराब केलं. त्या खुलाशाची प्रत त्यांनी पानाला टाचून ठेवली आहे. चार ओळी आहेत.

‘पुरळ पाहिले. खात्री देता आली नाही. म्हणून कळविले. पुन्हा असे दिसल्यास पुन्हा कळवीन.’

पुढच्या शनिवारी: ‘सदर मुलगी बरी. खपल्या पडल्या. कोप्या २३, सर्व तपासल्या. निरंक.’